डोंगराआडच्या गावाला मीठ कोण पोचवते?



या वेळचा विषय मला आमच्या नातीने दिला. पोरगी आठ वर्षांची. शाळेला सुट्टी होती, मी भाकऱ्या थापत होते आणि ती मोबाइलवर गोष्ट बघत बसली होती. डोंगरांच्या पलीकडे धुक्यात दडलेले जादूचे नगर. बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही, तिथे जायला रस्ता नाही, दिवे आपोआप लागतात, सगळी माणसे सुखात. गोष्ट संपली तशी ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, त्या गावाला मीठ कुठून येतं गं?"

तिची आई हसली. म्हणाली, "जादूनं येतं."

"मग त्यांनी बाजार कशाला दाखवला?"

सूनबाई गप्प झाली. माझा हात मात्र काठवटीत तसाच राहिला. पोरीने नेमके बोट ठेवले होते. गाव कितीही दडलेले असो, मीठ काही जमिनीतून उगवत नाही. कुणीतरी ते पाठीवर घेऊन डोंगर चढतो, तेव्हा कालवणाला चव येते. मग तिला खऱ्या दडलेल्या गावाची गोष्ट सांगायला बसले. ती तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्याच मुलखातली आहे. माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले, घोडनदीच्या खोऱ्यातले, आणि जुन्नर आमच्या शेजारचे.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात गलबत लावून एखादा खलाशी उगवतीकडे बघत असेल, तर त्याला काय दिसत असेल? सह्याद्रीची काळी भिंत. त्या भिंतीमागे एक भरले नगर आहे हे सांगूनही त्याला खरे वाटले नसते. ते नगर म्हणजे आजचे जुन्नर. कुकडी नदीचे पाणी, सपाट काळी जमीन आणि चारही अंगांना डोंगर: शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा. या डोंगरांत दीडशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. तुळजा लेण्यांत तर गोल आकाराचे चैत्यगृह आहे, मधोमध स्तूप आणि भोवती बारा खांब. एवढे काम डोंगराआड लपून बसलेल्या गावाने आपल्याच बळावर केले असेल का? नाही. त्याला वाट होती.

त्या वाटेचे नाव नाणेघाट. जुन्नरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर डोंगराला मधोमध खाच पाडल्यासारखी खिंड आहे, तिथून दगडी वाट खाली कोकणात उतरते. काही वर्षांमागे आमच्या वस्तीतल्या बायका टेम्पो करून लेण्याद्रीला गेलो होतो, तेव्हा हट्टाने नाणेघाटही पाहिला. पावसाळा नुकताच सरला होता. वाटेतल्या खडकात कोरलेल्या टाक्यांत पाणी होते. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. वाटसरू त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. बाजूच्या गुहेत सातवाहन राजघराण्याचा मोठा लेख आहे. तो राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडेच्या आकडे त्यात लिहिले आहेत. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. आता नावे आणि पावले तेवढी उरली आहेत. आमच्यातली एक जण म्हणाली, "बघा बाई, राजे गेले नि पाय राहिले." सगळ्या हसल्या, पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले.

या घाटाने वर काय येत होते? कोकणातले मीठ, सुकी मासळी, गलबतांतून उतरलेला परदेशी माल. खाली जात होते देशावरचे धान्य आणि कापड. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या माणसाने या किनाऱ्याच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याच्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या गावांची नावे त्यात आहेत. कल्याणचेही आहे. पण कल्याणबद्दल तो सांगतो की तिथला व्यापार आता अडवला गेला आहे, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. राजाराजांची भांडणे होती ती. खाली बंदर अडले की वर घाट सुना पडणार, हे कळायला व्यापारी असावे लागत नाही. गिरणीच्या फाटकाला टाळे लागले तेव्हा शेजारच्या खानावळीचे काय झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता त्या वाटेने माणसे कोणती आली ते पाहा. जुन्नरच्या लेण्यांत तीसच्या वर शिलालेख आहेत. त्यांत तीन यवनांची नावे सापडतात. यवन म्हणजे ग्रीक मुलखाकडून आलेले, किंवा त्यांच्या वंशातले. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे गर्भद्वार करून दिले. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलात तर सहाव्या क्रमांकाचे लेणे जरूर बघा. ते चैत्यगृह आहे, आणि त्याचा दाता सुलसदत्त कल्याणचा होता. कल्याणच्या माणसाने घाट चढून येऊन इथे चैत्य दिला! शेजारच्या सातव्या क्रमांकाच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. गर्दी तिकडे असते. त्यामुळे चैत्यगृहात शांतपणे बसायला मिळते, हा आपला फायदा.

आणखी एक लेख मला फार आवडतो. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान दिली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यांनी ते सांभाळायचे आणि त्याच्या व्याजावर संघाचा खर्च चालायचा. म्हणजे बुरूड आणि कासार हे त्या काळची बँक होते. आज बुरुडाला दहा हजारांचे कर्ज हवे असले तर त्याला किती खेटे घालावे लागतात, ते त्यालाच विचारा.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना सांगितले होते की बहुजनांच्या हितासाठी फिरत राहा, आणि दोघे एकाच वाटेने जाऊ नका. पावसाळ्यात घाट बंद, तेव्हा वर्षावास. पाऊस सरला की चारिका सुरू. त्या भिक्खूंबरोबर धम्म आला, तशा दूरच्या गावच्या बातम्याही आल्या असणार. कोण आजारी आहे, कुठे दुष्काळ पडला आहे, कुठल्या रानात वाट धोक्याची आहे. आणि वाटेवरच्या पोढीतले पाणी बैलवाल्यालाही लागे आणि भिक्खूलाही. त्यामुळे पाणी देणाऱ्याचे नाव दगडात कोरले गेले, हे मला योग्यच वाटते.

पण एक गोष्ट खटकते. इरिल सापडतो, सुलसदत्त सापडतो, राणी सापडते. मिठाची गोणी पाठीवर घेऊन घाट चढणारा मात्र कुठल्याच दगडावर सापडत नाही.

इथे नातीने विचारले, "मग तो कोण होता?" दोन हजार वर्षांपूर्वीचे मी कसे सांगू? पण माझ्या आजोबांचे सांगता येते.

आमच्या खोऱ्यातली गावेही दडलेलीच. पावसाळ्यात ओढे भरले की चार महिने कुणी येत नाही, जात नाही. अशा गावाला जगाशी जोडून ठेवणारा माणूस गावकुसाबाहेर राहत होता. सरकारी टपाल पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन द्यायचे काम महाराचे. सरकारी पैसा तालुक्याला पोचवायचा, महाराने. परगावचा कुणी आला तर त्याला वाट दाखवायची, महाराने. वेशीवर येसकर म्हणून उभे राहून कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवायची, ती महाराने. आणि कुणी मेले तर भर पावसात, अंधारात, आठ गावे पायी हिंडून सोयऱ्यांना सांगावा द्यायचा, तोही महाराने. आजोबा सांगायचे, "मयताचा सांगावा घेऊन गेलं की लोक रडायला बसत. मग कुणालातरी आठवण यायची की सांगावा घेऊन आलेला उंबऱ्याबाहेर उपाशी उभा आहे."

जुन्नरला पूर्वी हातकागद बनत असे. पेशवाईतही जुन्नरी कागदाला नाव होते. कागद जुन्नरचा, अक्षर कुलकर्ण्याचे आणि पाय आमचे. ज्याच्या हातात पत्र, त्याला ते वाचता येत नव्हते. ज्याच्या पायांवर गावाचा जगाशी संबंध, त्याला त्याच गावात पाणवठा बंद. यापेक्षा मोठी जादू कुठल्या गोष्टीत असेल, मला ठाऊक नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले ते याच वेठीविरुद्ध. रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी, आणि मोबदला म्हणजे मूठभर बलुते नि तुकडाभर जमीन. त्या जमिनीच्या लोभाने माणूस बांधला गेला आहे, हे ते सांगत राहिले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. आमच्या आजोबांनी त्या वर्षी काठी खुंटीला अडकवली आणि पुन्हा काढली नाही, असे माझी आई सांगत असे. गावाला मग पोस्टमन आला. पगारी, टोपीवाला.

तोवर आमची माणसे स्वतःच बाहेर पडली होती. कल्याणकडे उतरणारी वाट जुनीच, आता तिथून जवळच माळशेज घाटाने गाड्या धावतात. आंबेगाव-जुन्नरची किती घरे मुंबईच्या गिरण्यांवर जगली! हुतात्मा बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईतला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. घोडनदीवर डिंभे धरण झाले, त्या जलाशयाला त्याचेच नाव दिले आहे. आणि तालुक्याला ज्या गावाचे नाव, ते आंबेगाव त्याच जलाशयाखाली गेले. हे ऐकून नात एकदम सरसावून बसली. "म्हणजे पाण्याखालचं गाव? खरंखुरं?" मी म्हटले, "खरंखुरं, बाळ. पण त्यात जादू नाही. माणसांना उठवलं, मग पाणी आलं." वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांना मग जवळची वाट म्हणून होडीच उरली. धरणाचे पाणी खालच्या तालुक्यांच्या शेतांना गेले.

त्या खोऱ्यातच माळीण आहे. ३० जुलै २०१४ ची सकाळ. पाऊस कोसळत होता. डोंगराचा कडा गावावर आला आणि घरेच्या घरे चिखलात गडप झाली. दीडशेच्या वर माणसे गेली. ओरडायलाही कुणी उरले नाही, तर फोन कोण करणार? बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो एसटीमुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या ड्रायव्हरने पाहिले की रोज दिसणारे गाव जागेवर नाही, तिथे नुसता चिखल आहे. त्याने जाऊन खबर दिली. मग यंत्रणा हलली. २०१७ साली वाचलेल्यांना नव्या जागी घरे मिळाली.

खेड्यातली अमुक फेरी तोट्यात आहे, भारमान भरत नाही, बंद करा, असे कुणी म्हणू लागले की मला ती सकाळ आठवते. त्या दिवशीच्या फेरीचे भारमान कुणी कसे मोजावे? रोज तीच वाट धरणाऱ्या माणसालाच गाव नाहीसे झाल्याचे कळते. एकदा येऊन जाणाऱ्याला तो डोंगरउतारच वाटला असता.

भाकऱ्या थापून झाल्या होत्या. नात वहीत चित्र काढायला बसली. तेच जादूचे नगर काढले, डोंगर काढले, धुके काढायला पांढरा खडू घासला. मग धुक्याच्या कडेला लाल रंगाची एसटी काढली. एसटीच्या पुढे एक माणूस, डोक्यावर पोते.

"हा कोण?" मी विचारले.

"ह्याच्याकडे मीठ आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या पायांत चपला काढू लागली.