माफी राज्याची, तूट शहरांची

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात लष्करी सेवेमुळे 100 टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला राहत्या घराचा मालमत्ता कर 2009 पासून पूर्ण माफ आहे. त्याच्या पश्चात पुनर्विवाह न केलेल्या जोडीदारालाही ही सवलत पुढे मिळू शकते. या राज्यात वैयक्तिक आयकर नसल्याने शाळा, रस्ते, अग्निशमन यांची बरीच भिस्त मालमत्ता करावर असते. म्हणूनच माफीचे मोल मोठे. मात्र अपंगत्व 90 टक्के ठरले, तर साधारणपणे घराच्या करपात्र मूल्यातून फक्त 12,000 डॉलर वजा होतात. एका पायरीवर एवढी तफावत हा उघड अन्याय आहे.

दुसरा पेच तिजोरीचा. कायदा राज्याचा, पण उत्पन्न बुडते स्थानिक संस्थांचे. फोर्ट हूड तळालगतच्या किलीन, कॉपरस कोव्ह या शहरांत निवृत्त सैनिक मोठ्या संख्येने स्थायिक होतात आणि तूटही तिथेच वाढते. तळालगतच्या शहरांना राज्य काही भरपाई देते. ती पुरेशी नाही. राज्याने बुडालेला महसूल पूर्ण भरून द्यावा आणि 70 ते 90 टक्के अपंगत्व असलेल्यांची वजावट भरीव वाढवावी.