आपल्या लोकांना जमायचं नाही!

काही वाक्यं अशी असतात, की ती उच्चारली की सभा संपते आणि चहा येतो. ‘आपल्या लोकांना जमायचं नाही’ हे त्यांतलं अव्वल नंबरचं. परवा आमच्या सोसायटीत बैठक झाली. कोपऱ्यावरच्या चौकात गोल वाहतूक बेट करावं अशी मागणी करायची की नाही, हा विषय. कोणीतरी तोंड उघडायचा अवकाश, सेक्रेटरी अप्पांनी हे वाक्य टाकलं. चहा आला, बेट बुडालं.

त्या चहाला जागून मी तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

इंग्लंडात स्विंडन नावाचं गाव आहे. तिथे 1972 साली फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूकतज्ज्ञाच्या डोक्यातून एक चौक निघाला. पाच रस्ते एकत्र येतात. प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटं वर्तुळ आणि पाचांच्या मधोमध सहावं. छोट्या वर्तुळांभोवती गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, मधल्याभोवती चक्क उलट्या. वरून काढलेला फोटो पाहिला तर कोणीतरी घाईत घातलेली चकली वाटते. लोकांनी नाव ठेवलं ‘मॅजिक राउंडअबाउट’. 2005 साली एका विमा कंपनीच्या पाहणीत याच चौकाला सर्वांत वाईट चौकाचा मान मिळाला. तरीही पन्नासहून अधिक वर्षं गाड्या तिथून सुखरूप जात आहेत. शिव्या आणि वापर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

हे जमतं कसं? अहो, त्या ड्रायव्हरला सहा वर्तुळं समजून घ्यायचीच नसतात. प्रत्येक वर्तुळापाशी नियम एकच : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. ब्रिटनमध्ये हा नियम 1966 पासून आहे. समोरचं एक वर्तुळ पार करायचं, मग पुढचं. जुन्या खतावणीची बेरीज कोणी एका दमात करत नसे. एका पानाची करायची, पुढच्या पानावर ओढायची. शिवाय वळणंच अशी, की वेग आपोआप कमी होतो. हळू जाणाऱ्याची चूक बहुधा पत्र्यावर निभावते, हाडापर्यंत पोचत नाही.

‘पण ते साहेब लोक!’ अप्पा म्हणणार. ठीक आहे, आणखी थंड प्रदेशातले घ्या. स्वीडनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालत. 1955 साली सरकारने विचारलं, उजवीकडून चालवायची का? सुमारे 83 टक्के लोक म्हणाले, मुळीच नाही. म्हणजे तिथेही अप्पा होते आणि भरघोस बहुमतात होते. तरी 3 सप्टेंबर 1967 रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, सबंध देशाने बाजू बदलली. अपघात वाढण्याऐवजी घटले! पुढे दोनेक वर्षांत ते पुन्हा पूर्वपदावर आले, हेही सांगायला हवं. ताळेबंदात एकच बाजू दाखवणं आम्हा बी.कॉम.वाल्यांना शोभत नाही. पण याचा अर्थ काय? सवय झाली, आणि सवयीबरोबर भीती गेली! तेव्हा निव्वळ भीतीवर विसंबून चालत नाही. वेग कमी करायला रस्त्याच्या आकारानेच भाग पाडलं पाहिजे.

राहता राहिले आपण. कोण म्हणतो आपल्याला जमत नाही? पहिल्या पावसात पडलेला खड्डा कुठल्या बाजूने चुकवायचा, हे चौथ्या दिवशी रिक्षावाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आपल्याइतकं जमवून घेणारी जात भूतलावर नसेल. प्रश्न आहे तो जमवून कशाशी घ्यायचं हा.

गेल्या वर्षी आमच्या चौकातले बॅरिकेड तीन महिन्यांत चार वेळा हलले. ना पाटी, ना पट्टा, ना शिट्टी. एका मंगळवारी समोरच्या इमारतीतल्या आजी दूध आणायला निघाल्या. त्यांनी नेमाने उजवीकडे पाहिलं, कारण सोमवारपर्यंत गाड्या तिकडून येत होत्या. स्कूटर आली डावीकडून. आजींचं मनगट मोडलं. तो पोरगा पळाला नाही, तिथेच बसून रडवेल्या आवाजात सांगत होता, “काका, आजपासून इकडूनच सोडलंय हो!” त्याचं खरं होतं. आजींचंही खरं होतं. आजी सोमवारच्या चौकाप्रमाणे वागल्या, तो मंगळवारच्या. दोघांनाही व्यवस्थित जमलं होतं. ज्यांनी बॅरिकेड हलवले त्यांना मात्र दोन खांबांवर एक फलक लावणं जमलं नव्हतं. आजींना अजून त्या हाताने पोळी लाटता येत नाही.

स्विंडनमध्येही आधी प्रयोगच झाला. सुरुवातीला वर्तुळं पक्की आखलेली नव्हती, गरजेप्रमाणे सरकवता येत होती. पण प्रत्येक छोट्या वर्तुळापाशी एकेक पोलीस उभा होता, लोकांना कसं जमतंय ते पाहायला. मग आखणी पक्की झाली. आपल्याकडेही 2017 च्या नियमांप्रमाणे गोलात आधीपासून असलेल्या वाहनाला पहिला मान आहे. मला लायसन्ससाठी इंग्रजी आठ काढायला लावला. या गोलाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : आकार असा करा की वेग कमी व्हावा, नियम एकच ठेवा, पहिले पंधरा दिवस माणूस उभा करा आणि नंतर कृपा करून त्याला हात लावू नका. एवढं केल्यावरही लोक चुकले, तर खुशाल ते वाक्य म्हणा. चहा मी पाजतो.

जाता जाता एक. गेल्या दिवाळीत अप्पांनीच आमच्या सोसायटीच्या दोन फाटकांची अदलाबदल केली. आत यायचं ते बाहेर जायचं झालं. दोन दिवस भांडणं झाली, तिसऱ्या दिवसापासून पेपरवाल्यासकट सगळे बिनचूक. एकटे अप्पा अजून स्कूटर जुन्याच फाटकातून आत घालतात.

त्यांना काही जमायचं नाही!