ॲप वापरणारे पुष्कळ, बनवणारे किती?

“आधी इंग्रजी येऊ द्या, मग ॲप बनवा,” हे उर्दू शाळेतल्या मुलांना सांगणं आपण शिक्षकांनी बंद करावं. गुगलने २०१० मध्ये आणलेलं, पुढे एमआयटीने चालवायला घेतलेलं ॲप इन्व्हेंटर रंगीत ठोकळे जोडत शिकता येतं. उजवीकडून डावीकडे वाचायची मांडणीही ॲन्ड्रॉइडने २०१२ मध्येच, ४.२ आवृत्तीत आणली. म्हणजे अडचण फोनची नाही, आपल्या मनाची आहे.

सोपं ॲप कोणतं? नानीला नातवंडांची मनधरणी न करता वापरता येईल ते. नानी कुठे अडखळते, कुठलं बटण दाबायला घाबरते, हे जाणणारी मुलगी आपल्याच वर्गात बसली आहे. तिला नुसतं बटण दाबायला शिकवलंत, तर ती जन्मभर गिऱ्हाईकच राहील.