जेल वाळवायचं कुणी?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं. इंग्रजी सेक्शनला लेख दिला असता तर निदान स्पेलचेक तरी मिळाला असता, पण मेसच्या टेबलावर वाचला जातो तो हाच सेक्शन.

मागच्या सेमला रूमवर एक उद्योग केला. चायना ग्रास पाण्यात उकळलं, वाटीत ओतलं, घट्ट झाल्यावर खिडकीत ठेवून दिलं. काही दिवसांनी बघते तर तळाला पतंगाच्या कागदासारखा पापुद्रा. रूममेट म्हणाली, "अगं, जेली कुठे गेली?" गेली कुठे नव्हती, ती होतीच तेवढी! बाकी सगळं पाणी. ते पाणी उडताना बारीक बारीक छिद्रांच्या भिंती आत ओढतं (बारावीचं सरफेस टेन्शन आठवा) आणि अख्खं घर बसतं.

हे बसणं कसं टाळायचं ते सॅम्युअल किस्टलर या अमेरिकन केमिस्टने 1931 साली दाखवलं. द्रवाला क्रिटिकल पॉइंटच्या पलीकडे न्यायचं. तिथे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, मग पृष्ठभाग नाही आणि ओढही नाही. मागे राहतो तो नुसता सांगाडा, म्हणजे एअरोजेल. सिलिकाचं एअरोजेल नासाच्या स्टारडस्ट यानातून धूमकेतूची धूळ घेऊन 2006 साली परत आलं, म्हणून ते फेमस. मला मात्र त्याहून भारी वाटतं ते इटलीतल्या सालेर्नो विद्यापीठाच्या गाएतानो ग्वेर्रा यांच्या ग्रुपचं काम, 2005 सालचं.

त्यांचा पॉलिमर कुठला? पॉलिस्टायरीन! तेच ते थर्माकोलवालं, ज्याच्या मखरावर आपल्याकडे 2018 मध्ये बंदी आली. फरक एवढाच की इथे साखळीवरच्या बेंझीनच्या कड्या शिस्तीत एक या बाजूला, एक त्या बाजूला असतात. सिंडिओटॅक्टिक. आपण ही व्याख्या चार मार्कांसाठी पाठ करतो आणि व्हायवाच्या संध्याकाळी विसरतो. पण या शिस्तीमुळे गंमत होते. हा पॉलिमर क्लोरोफॉर्म किंवा टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटमध्ये गरम करून विरघळवला आणि थंड केला की जेल बनतं. त्याच्या गाठी म्हणजे छोटे छोटे क्रिस्टल, आणि त्या क्रिस्टलच्या पोटातही सॉल्व्हंटचे रेणू पाहुण्यासारखे बसलेले. मग सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने (31 अंश आणि 74 बारच्या वर) सगळा सॉल्व्हंट धुऊन काढायचा. पाहुणे जातात, खोल्या तशाच रिकाम्या राहतात. एका खोलीचा आकार नॅनोमीटरहूनही लहान. म्हणूनच या क्रिस्टलची घनता 0.98 च्या आसपास, तर साध्या अमॉर्फस पॉलिस्टायरीनची 1.05. क्रिस्टल हलका आणि अमॉर्फस जड, आपल्या टेक्स्टबुकच्या बरोबर उलटं!

फायदा काय? पाण्यात अगदी किंचित डायक्लोरोइथेन असलं तरी या खोल्या ते पकडतात. एअरोजेलच्या मोठ्या छिद्रांमुळे ते आत पोचतंही झटपट. फिल्म असती तर ताटकळत बसावं लागलं असतं. सगळं जमतं असं नाही. क्षार यात अडकत नाहीत, आणि शंभर-सव्वाशे अंशांपुढे तापवलं की क्रिस्टलचं रूप बदलतं आणि खोल्या बंद होतात.

हे सगळं मी सेमिनारला जोशात सांगितलं. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, "मटेरियल बॅलन्स केलास?" केला नव्हता. रात्री केला. पाच टक्के पॉलिमरचं जेल धरलं तर 1 किलो एअरोजेलमागे 19 किलो सॉल्व्हंट काढायचा. त्यातला एक टक्का जरी निसटला तरी 190 ग्रॅम. क्लोरीनवाला सॉल्व्हंट पाण्यातून काढणारा फिल्टर, आणि तो बनवताना क्लोरीनवालाच सॉल्व्हंट हवेत! शिवाय कार्बन डायऑक्साइड दाबायचा खर्च वेगळा, आणि प्रेशर व्हेसल उघड-बंद करत बॅच-बॅचने काम.

म्हणून माझं मत असं आहे की केमिस्ट लोकांनी त्यांचं काम केलंय, आता अडलंय ते आपल्या दारात. सॉल्व्हंट वेगळा करणं, परत वापरणं, दाबाखालची प्रक्रिया सलग चालवणं, ही सगळी आपलीच युनिट ऑपरेशन्स. आणि आपण काय म्हणतो? "कोअरला स्कोप नाही." दहाजणींनी मला हेच ऐकवलं. त्यातल्या आठजणींची जर्नल्स मागच्या बॅचवरून उतरवलेली आहेत (माझंही एक आहे, खोटं कशाला बोलू). ड्राइंगचं प्रॅक्टिकल आपण सगळेच तयार रीडिंगवर उरकतो आणि मग म्हणतो की या ब्रँचमध्ये नवीन काही उरलं नाही.

लॅबला माझी मागणी छोटी आहे. हाय प्रेशरचं युनिट लगेच येणार नाही, कळतं मला. पण ड्राइंगच्या प्रॅक्टिकलला ठरलेल्या वाळूऐवजी एकदा जेल वाळवू द्या. चायना ग्रास मी आणते.