शस्त्रपूजा आणि रानाची जबाबदारी

यंदा, २०२५ साली, दसरा २ ऑक्टोबरला आला आहे. त्याच दिवशी गांधी जयंती आणि त्याच दिवसापासून वन्यजीव सप्ताह. आदल्याच दिवशी पनवेल महानगरपालिकेला नऊ वर्षे पूर्ण होत आहेत. शस्त्रांची पूजा, अहिंसेच्या पुजाऱ्याचे स्मरण आणि रानातल्या जिवांच्या रक्षणाची प्रतिज्ञा एकाच दिवशी कशी जुळायची, असा प्रश्न कोणालाही पडेल. शस्त्र उचलणाऱ्याने त्याच्या परिणामाचा पूर्ण भार स्वतःवर घेतला, तर ती जुळतात, असे आमचे मत आहे. धनुष्यबाणाच्या बाबतीत तर हे फारच स्पष्टपणे दिसते.

जगात काही देशांत धनुष्याने शिकार करायला परवानगी आहे, काही ठिकाणी नाही. ब्रिटनने १९८१च्या कायद्याने वन्यप्राण्यांवर धनुष्य चालवायला बंदी घातली. डेन्मार्कने १९९९मध्ये लहान जातीच्या हरणांपुरती मुभा दिली, पण आधी परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घालून. ही परीक्षा का हवी, हे बाणाचे काम समजून घेतले की कळते. बंदुकीची गोळी जोराच्या आघाताने मारते. बाण कापून मारतो. फाळाचे पाते फुप्फुसातून किंवा हृदयातून आरपार गेले, तर जनावर रक्तस्रावाने काही क्षणांत कोसळते. तेच पाते बोथट असेल किंवा वीतभर मागे पोटात लागले, तर ते जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडत राहते.

म्हणून जाणता धनुर्धारी रानात जाण्याआधी आठवडेच्या आठवडे धनुष्याची जुळणी करतो. चौकटीत ताणून बसवलेल्या कागदातून दोन-तीन पावलांवरून बाण सोडायचा आणि कागद कसा फाटला ते पाहायचे. भोक नेटके पडले, तर बाण सरळ निघाला. फाटण वर-खाली गेली, तर दोरीवर बाण अडकवण्याची जागा चुकली. आडवी गेली, तर बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी जुळत नाही किंवा बाण टेकवण्याची जागा सरकली आहे. सरावाच्या निमुळत्या टोकाने ही चूक झाकली जाते. शिकारीचा फाळ बसवला की ती उघडी पडते, कारण फाळाची रुंद पाती हवा धरतात आणि वाकडा निघालेला बाण आणखी वाकडा नेतात. स्थिर पात्यांच्या फाळाला जुळणी काटेकोर लागते, पण तो खोल जातो. लागल्यावर उघडणारी पाती हवेतून सरळ जातात, मात्र उघडण्यात बाणाचा थोडा जोर खर्ची पडतो. ओढ हलकी असलेल्या धनुष्याला ती परवडत नाहीत. मागे वळलेल्या काट्यांच्या फाळावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंदी आहे. जखमी होऊन निसटलेल्या जनावराच्या अंगातून असा फाळ बाहेर पडू शकत नाही.

अंतराचेही तसेच आहे. आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी मीटर जातो, म्हणजे चाळीस मीटरला त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो आणि तेवढ्या वेळात हरीण अंग चोरते. म्हणून मैदानात पन्नास मीटरवर अचूक बाण मारणारा माणूसही रानात वीस-पंचवीस मीटरपलीकडे दोरी सोडत नाही. समोर जनावर उभे असूनही बाण खाली घेता येणे, हीच त्याची खरी परीक्षा.

आपल्याकडे ही परीक्षा देण्याची वेळच येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी परवान्याने शिकार करण्याची वाट होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही बंद केली. हे योग्यच झाले. कर्नाळ्याकडे पाहावे. १९६८मध्ये अभयारण्य झालेले हे रान बारा-एक चौरस किलोमीटरचे, मधून मुंबई-गोवा महामार्ग गेलेला आणि चहूबाजूंनी वाढते पनवेल. एवढ्या तुकड्यात टिकून असलेल्या भेकरावर कोणाचाच हक्क असू शकत नाही, कितीही कुशल तिरंदाज असला तरी.

पण कायदा आला म्हणून मारणे थांबले नाही. फक्त त्यातले कौशल्य गेले, आणि कौशल्याबरोबर जबाबदारीही. आज कोकणात रानडुकरासाठी तारेची फासकी लावतात, गावठी बॉम्ब ठेवतात, कुंपणात वीज सोडतात. फासकी लावणारा घरी झोपलेला असतो. त्याने काय धरले, ते जनावर किती वेळ ओढाताण करत राहिले, त्याच्यामागे पिल्लू होते का, हे त्याला पाहावेही लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत अडकलेल्या बिबट्यांच्या बातम्या वारंवार येतात. ते बिबटे कोणालाच नको होते. डुकरासाठी लावलेल्या तारेने ते धरले. कायद्याच्या लेखी फासकी लावणे हीसुद्धा शिकारच आहे. उभे भातशेत एका रात्रीत उकरले गेलेल्या शेतकऱ्याचा संताप आम्हाला समजतो. पण त्यासाठी नुकसानभरपाई आहे, आणि पिके नासवणाऱ्या रानडुकराबाबत परवानगी घेण्याची तरतूदही आहे. वन विभागाने या दोन्ही वाटा जलद केल्या नाहीत, तर तार आणखी स्वस्त वाटत जाईल.

पनवेल, कर्जत, खालापूरच्या वाड्यांतल्या कातकरी आणि ठाकर समाजाला तिरकमठा नवा नाही. वाऱ्याचा अंदाज, पानांच्या सळसळीतून जनावर ओळखणे, दम धरून थांबणे हे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जंगल आटले आणि कायदा आला तसे हे ज्ञान वीटभट्टीच्या मजुरीत हरवू लागले. तिकडे साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडलेल्या आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी वैयक्तिक जगज्जेतेपदे मिळवली. आदिती तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि ओजसने अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. त्यांच्या हातातले कंपाउंड धनुष्य मुळात शिकारीसाठीच जन्मले. अमेरिकेतल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे.

महानगरपालिकेने दहाव्या वर्षात पाऊल टाकताना कर्नाळ्याच्या वाटेवर एक तिरंदाजीचे मैदान उभारावे, वाड्यांतल्या मुलामुलींना तिथे धनुष्य आणि प्रशिक्षक मोफत द्यावेत आणि रान वाचायला शिकवण्यासाठी त्यांच्याच आजोबांना मानधनावर बोलवावे. वाचकांकडे मागणे लहान आहे. पावसाळा सरताना डोंगरावर जाल तेव्हा झुडपांच्या बुंध्याशी, जनावरांच्या पायवाटेवर नजर ठेवा. तारेचा फास दिसला तर स्वतः हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.