माळ ओसाड नसतो

आपल्याकडे ‘माळ’ हा शब्दच मुळी हिणवण्यासाठी वापरला जातो. जिथे काही पिकत नाही ते माळरान. सरकारी भाषेत ‘पडीक’. अशा जमिनीवर कारखाना काढा, नाहीतर निदान झाडे तरी लावा, असा सल्ला आपण सहज देतो. मला वाटते, माळाचे निम्मे नुकसान या सदिच्छेनेच केले आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पाहा. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. मातीचा थर पातळ, खाली मुरूम. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. इथे काय जगेल, हे पाऊस, माती आणि ऊन या निर्जीव घटकांनीच ठरवले आहे. या मातीत गवत तग धरते: पवन्या, मारवेल, कुसळी. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर माळढोक. गवतावरच काळवीट आणि काळविटावर लांडगा. पावसाने ओढ दिली, की गवत खुंटते, किडे घटतात आणि वरच्या साऱ्यांची उपासमार होते.

एखादा प्रदेश किती जीवांना कायम पोसू शकेल, या मर्यादेला शास्त्रज्ञ धारणक्षमता म्हणतात. घर चालवणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पाहुणे किती ठेवून घ्यायचे, हे खोल्यांवर नव्हे, तर मे महिन्यात हंड्यात उरणाऱ्या पाण्यावर ठरते.

आपण मात्र खोल्याच मोजत बसलो. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि गावकऱ्यांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण पक्षी नकाशावर जगत नाही. माळाचे तुकडे होत गेले. ऊस आणि द्राक्षे आली, मोकाट कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. नर माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो. समोरची तार चुकवणे त्याला जमत नाही. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. असे नुकसान लवकर भरून निघत नाही. आज देशात जंगली माळढोक दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला, तर बातमी होते.

शेतकऱ्याने पाणी मागू नये, असे मी म्हणणार नाही. धनगराच्या मेंढरांनाही माळ परका नाही. बेताची चराई गवत काही ठिकाणी आखूड ठेवते आणि ते माळढोकाला मानवते. मेंढरे बेसुमार झाली, की कोणालाच काही उरत नाही. प्रश्न माणूस की पक्षी असा नसून किती आणि कुठे, असा आहे.

झाडांचेही तसेच. माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली, की सावलीत गवत मरते आणि दूरवर नजर ठेवून जगणारा पक्षी निघून जातो. हिरवाई वाढते, विविधता घटते.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात रोपे घेऊन निघाल तेव्हा गावातला ओढा, रस्त्याची कड, शाळेचे आवार जरूर निवडा. माळावर मात्र खड्डा खणण्याआधी तिथे आज कोण राहते, एवढे विचारा. त्याची जागा भरलेलीच आहे.