चार्टपेपरवरची नदी

भाचीचं प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की आमच्याकडे युद्धपातळीवर हालचाली सुरू होतात. चौथीतली पोरगी. विषय ‘नैसर्गिक संसाधने व त्यांचे संवर्धन’. आईबाबा दोघंही ऑफिसात, त्यामुळे जबाबदारी अर्थातच फ्रीलान्सर मावशीवर. (फ्रीलान्सर म्हणजे रिकामी, असा आमच्या खानदानात पक्का समज आहे.) स्टेशनरीवाले काका विषय ऐकून तत्परतेने म्हणाले, ‘‘तयार चार्ट आहे, मागे माहिती छापलेली. मॉडेल करणार असाल तर थर्माकोल देतो.’’ निसर्ग वाचवायचा, तोही थर्माकोलचा! २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली, ती बहुधा शाळेच्या गेटाबाहेरच थांबली असावी.

घरी येऊन तिला सहज विचारलं, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?

‘‘वरच्या टाकीतून.’’

आणि टाकीत?

‘‘टँकरमधून.’’

पुण्याच्या नव्या उपनगरात राहणाऱ्या मुलीचं हे उत्तर चूक म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही.

पर्यावरण हा विषय शाळेत आला त्यामागे थेट सुप्रीम कोर्ट आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर कोर्टाने २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करा म्हणून सांगितलं. सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात, हेही त्यातच होतं. पण मुलांच्या हाती काय उरलं? पुनर्नवीकरणीय, अपुनर्नवीकरणीय, फरक स्पष्ट करा, गुण चार. अ‍ॅमेझॉनचं जंगल तोंडपाठ, आणि घराजवळून वाहते ती मुठा म्हणजे ‘तो वास येतो ना, तो नाला’. संसाधन आहे, पण त्याला पत्ताच नाही.

मग आम्ही चार्टपेपर उलटा केला आणि पत्ता शोधायला बसलो.

पुण्याच्या वर चार धरणं आहेत. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चारही काठोकाठ भरली की २९.१५ टीएमसी पाणी होतं. हा आकडा पावसाळ्यात रोज पेपरात असतो आणि आपण तो क्रिकेट स्कोअरसारखा वाचून पान उलटतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २८३१ कोटी लिटर. आता गंमत बघा, आपण ज्याला ‘आपलं धरण’ म्हणतो त्या खडकवासल्याचा वाटा फक्त १.९७. ते नुसतं दार आहे, कोठार मागे डोंगरात. आणि कोठारही एकट्या शहराचं नाही. याच पाण्यातून कालवा निघतो तो दौंड, इंदापूरच्या शेतांपर्यंत जातो. आपण शॉवरखाली पाच मिनिटं जास्त उभे राहतो तेव्हा रांगेत आपल्यामागे कुणीतरी ऊसवाला आणि कुणीतरी ज्वारीवाला असतो. (ऊसवाल्याबद्दल माझी स्वतंत्र मतं आहेत, ती पुन्हा कधीतरी.)

पण खरा मामला सुरू होतो बेसिनच्या जाळीखाली. वापरलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न चार्टवर नसतोच. ते जातं नदीत. शहराचं सगळं मैलापाणी अजूनही शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको, पुलावर गाडीची काच खाली केली तरी पुरे. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा अडते ती सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणात. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण केवढं? भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी. म्हणजे आपली चारही धरणं त्यात चार वेळा ओतता येतील. सोलापूर शहर हेच पाणी पितं.

हे सांगितल्यावर भाची गप्प झाली. मग तिने विचारलं, ‘‘म्हणजे आपण आंघोळ केलेलं पाणी ते पितात?’’ शुद्ध करून, असं मी घाईघाईने म्हणाले. ‘‘मग आपणच आधी का नाही करत शुद्ध?’’ यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा.

आता ही उजनी तुमच्या चांगल्याच ओळखीची आहे. डीपीला लावलेला तो गुलाबी फ्लेमिंगो आठवतोय? मराठीत रोहित, कुणी अग्निपंखही म्हणतं. तो भिगवणचा, म्हणजे उजनीच्याच फुगवट्याचा. पुण्याहून सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर. हा पक्षी चोच उलटी धरून उथळ चिखल गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक किडे खातो. शेवाळ वाढतं नायट्रोजन-फॉस्फरसवर, आणि मैलापाण्यात ते भरपूर. तेव्हा घाण पाणी चांगलंच की, असा वकिली मुद्दा भाचीने लगेच काढला. प्रमाणाबाहेर गेलं की शेवाळ आणि जलपर्णी मातते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते, आणि मासे तडफडतात. परिसंस्थेच्या धड्यात हे बाणांच्या आकृतीत असतं. भिगवणला ते ताटात दिसतं. तिथे हौसेने मागवतो ती चिलापी मूळची आफ्रिकेची. चिवट, अशा पाण्यातही तग धरणारी. नदीतल्या जुन्या माशांची जागा तिने बळकावली. चवीला बरी आहे, नाही म्हणत नाही.

गंमत म्हणजे आपले दोन लाडके वीकेण्ड स्पॉट या एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहेत. वर खडकवासला चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी, खाली भिगवणला फ्लेमिंगो आणि मासे. मधे आपण, आपला शॉवर आणि आपला फ्लश.

चार्ट शेवटी एकाच लांबलचक निळ्या रेघेचा झाला. पुण्यानंतर भाचीने ती रेघ तपकिरी केली. बाईंनी शेरा दिला, ‘नदी निळी दाखवावी’. दहापैकी सात.

हिवाळ्यात तिला कुंभारगावला नेणार आहे. पहाटे पोचायचं, ऊन चढायच्या आत नाव घ्यायची. नाववाले बहुतेक मासेमारीच करणारे. जुने मासे कुठले होते हे तिने त्यांना विचारायचं ठरवलंय, वहीसकट. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. तुमच्याकडे कुणी चौथी-पाचवीतलं असेल तर बघा.